पश्चिमेकडची भिंत

कोंडवेळला एसटी दोनदाच येते.
सकाळची मासळीच्या टोपल्या नेते,
संध्याकाळची उतारू कमी, निरोप जास्त आणते.
मधल्या वेळात आम्ही एकशे बारा उंबरे,
दोन विहिरी, एक मशीद, एक भैरी,
आणि खाडीच्या तोंडावर कोट.

कोटाला नाव आहे. सरकारी निळ्या पाटीवर होतं.
खाऱ्या वाऱ्याने पहिलं अक्षर खाल्लं,
उरलेलं वाचायला कोणी थांबलं नाही.
आम्ही कोटच म्हणतो.
कोटावर गुरं गेली. कोटाखाली कालवं आहेत.
ईदचा चंद्र आधी कोटावरून दिसतो.

मी तिथला राखणदार. रोजंदारीवर.
शिट्टी मिळाली आहे, टोपी मिळायची आहे.

मार्चात मोजणीला वाकणकर मॅडम आल्या.
टेपचं टोक धरून मला उभं केलं.
पूर्वेची भिंत ठीक.
उत्तरेला दोन बुरूज, एकात पिंपळ घुसलेला,
तोही आता बुरूजच म्हणायचा.
पश्चिमेला मात्र टेप लावायला काही सापडेना.
"इथली भिंत कुठे गेली?"
मी म्हणालो, समुद्रानं नेली.
त्यांनी समुद्राकडे पाहिलं.
नेमकी सुकती. समुद्र पार लांब पडलेला,
कधी कोणाची काडी उचलली नाही
अशा तोंडाचा.

भिंत कुठे आहे मला माहीत आहे.
इब्राहिम सोलकरांच्या जोत्यात आहे, सात हात.
पाखाडीच्या वळणावर आहे, जिथे पावसाळ्यात सगळे घसरतात.
वजूच्या हौदाची खालची पायरी ती आहे,
भैरीपुढे नारळ फोडायचा दगड ती आहे.
शाळा बांधली त्या वर्षी
नैऋत्येचा बुरूज कमरेइतका उरला.
मी त्याच शाळेत, त्याच बुरुजाला पाठ टेकून
चौथीपर्यंत इतिहास शिकलो.
त्यात आमचा कोट नव्हता.

चोरली म्हणू नये कोणी.
शत्रू यायचे थांबले, भिंतीला काम राहिलं नाही.
काम नसलेला माणूस इथून मुंबईला जातो.
भिंत गावात आली,
बायकांच्या डोक्यावर बसून,
चुंबळीवर एकेक दगड.

दुपारी मॅडमना ऊन लागलं.
भागिर्थी तोडणकरणीने पडवीत बसवलं,
कोकमाचं पाणी दिलं, गूळ दिला,
आणि समोर तिच्या त्या दगडावर
बांगडे साफ करायला बसली.
माझ्या पोटात गोळा.
दगडाच्या कडेला मासा कोरलेला आहे,
बोटाएवढा, कुठल्या तरी पाथरवटाची खूण.
तसेच मासे दर्याकडच्या दरवाजावर आहेत, अकरा.
सकाळीच मॅडमनी ते मोजले होते.

त्या वाकल्या. खवले बाजूला सारले.
माशावरून बोट फिरवलं.
"किती जुना हा?"
"माज्या लग्नाच्या आदीचा," भागिर्थी म्हणाली,
"सासूबी ह्याच्यावरच करायची. धार चांगली लागते."
आणि कोयता दोनदा घासून दाखवला,
हात लावून बघा म्हणाली.
मी शिट्टीशी खेळत राहिलो.

मॅडम काही बोलल्या नाहीत.
वहीत बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं,
माझ्याकडे पाहिलं नाही.
पाच वाजताची एसटी पकडली.
चार बांगडे वर्तमानपत्रात बांधून दिले होते ते घेतले,
पैसे देऊ केले, भागिर्थीने घेतले नाहीत.

पाऊस झाला, गेला.
गणपतीनंतर पाकीट आलं,
थकलेली मजुरी आणि अहवालाची झेरॉक्स,
सही करून परत पाठवण्यासाठी.
चिंचेखाली बसून वाचली.
पूर्व बाजू: सुस्थितीत.
उत्तर बाजू: डागडुजी आवश्यक, झाड काढावे.
दक्षिण बाजू: अंशतः पडझड.
पश्चिम बाजू:
एवढ्याच ओळीत टाइप केलेलं खोडून
हाताने लिहिलं होतं,
वापरात.

सही केली.
पिंपळ काढायला अजून कोणी आलेलं नाही.
टोपीसुद्धा.