लोड चार्ट

क्रेनच्या केबिनमध्ये डाव्या हाताला एक तक्ता चिकटवलेला असतो:
दहा मीटरवर बारा टन,
चाळीस मीटरवर अडीच.
क्रेन तीच, दोर तोच, लोखंड तेच.
वजनाचं काय घेऊन बसलाय,
ते अंगापासून किती लांब धरलंय ते विचारा.

हिंदुराव वस्तादांनी हे आधीच सांगितलं होतं,
शब्द वेगळे होते:
"पाव्हण्याला लांबून नमस्कार, गड्याला पोटाशी."
आणि पाठीत एक धपका.

शुक्रवारी, असरच्या नमाजानंतर,
शारजात, सजाच्या कॅम्पमागं
पिकअप गोल उभ्या करून आखाडा होतो.
आमच्या मातीला ताक पाजलेलं, लिंबू, हळद, तेल;
ती पाय धरून ठेवायची.
ही वाळू रेटा खाते नि ढेकरही देत नाही.
जमिनीला जेवढं ढकलाल तेवढं ती परत देते,
असं आठवीच्या गुरुजींनी फळ्यावर लिहिलेलं.
इथं निम्मी उधारी बुडते.

समोर मुजफ्फरगढचा अल्लाहदित्ता, ट्रेलर ड्रायव्हर,
एकशे आठ किलो.
मी अडुसष्ट, तेही जेवून.
सलामी झाली. त्याचा पंजा मानेवर पडला
नि कळलं, मान म्हणजे तरफेचं टोक;
वेसण ओढली की बैल येतो
तसं अख्खं धड मागनं येतं.
दोनदा पट काढायला गेलो,
दोनदा तोंडात वाळू.

मग बघितलं. त्याचे दोन्ही पाय एका रेषेत.
बाजूनं ढकलाल तर डोंगर,
पुढून ओढाल तर नुसती उभी फळी.

रेटा दिला. त्यानं दुप्पट परत केला.
तेवढाच हवा होता.
वळलो, काखेतून हात,
माझी कंबर त्याच्या कमरेखाली,
नि गुडघे सरळ केले.

एक क्षण त्याला काही वजनच नव्हतं.
बेंबीपाशी असतो म्हणतात तो बिंदू,
तो माझ्यावरून पलीकडं गेला.
पुढचं काम पृथ्वीचं.

आणि माझ्या डाव्या पायाखालची वाळू निसटली.
त्याची पाठ आधी टेकली की माझी,
यावर लोक चहा थंड होईतो भांडले.
बरोबरी. चाळीस-चाळीस दिरहम.

अल्लाहदित्ता माझी पाठ झाडत म्हणाला,
"यार, उठाया कैसे?"
मी लोड चार्ट सांगायला लागलो. तो हसला:
"पीछे ज्यादा भरो तो अगला टायर हल्का.
मालूम है भाई. भूल गया था."

शनिवारी, पहाटे साडेपाच.
कानातून अजून वाळू निघतेय.
वॉकीटॉकीवर शिजू: स्टील बांधलंय, साडेतीन टन,
चाळीस मीटरवर.
नाही उचलायचं, म्हणतो. ट्रेलर जवळ आण.
आणखी. आणखी.
खाली ट्रेलर मागं येतो, हळू.
खिडकीतून बाहेर आलेला हात ओळखीचा वाटतो,
पण इतक्या वरून
कुणाचाही हात कुणाचाही असतो.