व्हर्लीनचा पोर्च

रविवारी चार वाजता दोन पांढऱ्या व्हॅन येतात, आयोवाहून.
दार सरकलं की आधी वास उतरतो,
चिप्सचा आणि अकरा तासांच्या मोज्यांचा,
मग एकोणीस मुलं, चार मोठी माणसं
आणि एक गिटार, जी कुणालाच धड येत नाही.

मी किल्ल्यांचा जुडगा कमरेला अडकवून उभी असते.
चर्चचं तळघर. मुली डावीकडे, मुलगे उजवीकडे,
शॉवर दोन, मिनिटं चार,
शेंगदाण्याच्या बटरची सुरी वेगळ्या डब्यात,
कारण मागे एकाचे ओठ टम्म सुजले होते
आणि रात्री दीड वाजता मी त्याच्या आईला उठवलं होतं.
हे बाविसावं वर्ष. वाक्यं आता येतात
जुन्या नळाला पाणी यावं तशी,
आधी खाकरून.

"इथे धोका वगैरे?" व्हॅन चालवणारे गृहस्थ हळूच विचारतात,
क्लीव्हलंडच्या त्या एका रस्त्याकडे बघत.
रस्त्यावर ओझेल आपल्या कुत्र्याला रागावत असतो, एवढंच.
"आहे," मी म्हणते. "दुसऱ्या शॉवरला एकदम कढत पाणी येतं."

सोमवारी फूड बँकेत सडके कांदे निवडले.
मंगळवारी रिकाम्या प्लॉटवरचं गवत काढलं.
बुधवारी शाळेची भिंत होती, पण शाळेने रात्री कळवलं,
पाइप फुटलाय, येऊ नका.
तेवीस माणसं, सोळा ब्रश, काम शून्य.
अशा वेळी मी एकच नंबर फिरवते.

"व्हर्लीन, तुझा पोर्च."
पलीकडून बराच वेळ नुसता टीव्ही.
"अगं, मिशिगनवाल्यांनी जूनमध्येच हिरवा केलाय.
त्याआधी कुणी राखाडी. थर चढून चढून
दार लागत नाही आता, ढकलावं लागतं."
"माहीत आहे."
"कुठला रंग?"
"निळा. कुणीतरी दान दिलाय. स्विमिंग पूलचा."
"देवा रे." मग जरा थांबून,
"पाठव. पण ते न बोलणारं पोर आत पाठव, वाटाणे सोलायला.
काल गवतात एकटंच वाकलेलं बघितलं मी.
बाकीच्यांना रंगवू दे."

पोरांनी जीव ओतला.
पोर्च रंगवला, कुंडी रंगवली,
ओझेलच्या कुत्र्याची शेपटी थोडी रंगली.
आत व्हर्लीन टिब्स, वय एक्क्याऐंशी, गुडघे गेलेले,
आणि तो लेलंड, वय पंधरा.
मी दोनदा डोकावले. दोन्ही वेळा दोघं गप्प,
मधल्या परातीत टरफलांचा ढीग वाढलेला.

रात्री गोल करून बसतात. आज देव कुठे दिसला,
असं त्यांची ताई विचारते.
"आजींच्या डोळ्यांत पाणी आलं ना, पोर्च बघून, तेव्हा,"
एक मुलगी म्हणते आणि स्वतःच रडते.
मी मागे भांडी विसळत असते.
पाणी रंगाच्या वासाने आलं होतं,
पण मी बोलत नाही; तिचंही अगदीच चूक असेल असं नाही.
लेलंडची पाळी आली. "पास," तो म्हणाला.
पाळी दोघांच्या पुढे गेल्यावर म्हणाला,
"त्यांचा मुलगा होता.
त्यालाही वाटाणे आवडायचे नाहीत."
त्या रात्री गिटारला कुणी हात लावला नाही.

शनिवारी गाद्यांची हवा काढली. तेवीस गाद्या, तेवीस सुस्कारे.
मागे राहिलं: एकेकटे मोजे, कुणाची तरी दातांची तार,
आणि सगळ्यांच्या सह्यांचं कार्ड,
"आम्ही दिलं त्याहून जास्त मिळालं."
दर आठवड्याला हेच वाक्य. भिंतीवर टाचण्या संपल्यात.

रविवारी प्रार्थना सुटल्यावर व्हर्लीन
निळ्या पायरीवर वर्तमानपत्र अंथरून बसली होती. रंग अजून चिकटत होता.
"आता कुठले?"
"विस्कॉन्सिन. पण यांना काम आहे गं, शाळेचा पाइप झाला."
"असू दे." नखाने तिने एक पापुद्रा उचलला,
खाली हिरवा, त्याच्याखाली राखाडी.
"त्यांच्यात कुणी गप्प आहे का?"
"अजून यायचेत."
"वाटाणे संपलेत," ती म्हणाली. "घेवडा आणून ठेवते."