मासा मरस तो तोंडमुये

शहाद्याच्या शाळेत, शिक्षकांच्या खोलीत
खिडकीपाशी एक टेबल आहे, एक पाय आखूड.
त्याखाली पुठ्ठ्याची घडी दमयंतीनं सारली होती
आम्ही दोघी नव्या होतो तेव्हा.
एकोणीस वर्षं तिचा डबा माझ्या डब्याला लागून.
माझ्या डब्यात कधी मासा नसायचा.
हे कुणी ठरवलं नव्हतं,
असंच ठरून गेलं होतं.

परवा विषय निघाला पोरांच्या ताटातल्या अंड्याचा.
ती म्हणाली, आधी जीव, मग ताट.
मी म्हणाले, पावरांच्या पोरी प्रार्थनेत घेरी येऊन पडतात,
तो जीव कुठल्या रकान्यात लिहू?
केळं द्या, ती म्हणाली.
तुमच्या कपाशीवर फवारा मारता, मी म्हणाले,
तेव्हा बोंडअळी काय टाळ वाजवते?
गणिताचे सर हसले.
त्यांनी हसायला नको होतं.
अळीचं वेगळं, ती म्हणाली.
का, अळीला आई नसते?
मग ती डब्याकडे बघत, अगदी हळू,
"इंदू, तुझ्या हाताला वास असतो.
मी कधी बोलले नाही."

एकोणीस वर्षं.

बाप प्रकाशाला जाळं टाकायचा,
गोमाई तापीला मिळते तिथं.
बँकेत अंगठा द्यायला निघाला
की आई त्याची बोटं लिंबानं चोळायची,
नखं, पेरं, तळवा,
जसं काही चोरी पुसायची आहे.
तो लिंबाचा वास एकदम आला मला त्या खोलीत
आणि मी ते बोलले.

"तुझ्या हितेशनं माझ्या ओट्यावर बसून
मरळीचा काटा न काटा चोखलाय.
तिसरीत होता. विचार त्याला."

टायफॉइडमधून उठला होता पोरगा, मान काडीसारखी.
वासानं आत आला, मागून घेतलं, दोनदा मागून घेतलं.
"काकू, आईला सांगू नका."
त्याच्या ओठाचा काळा मसाला मी पदरानं पुसला
आणि त्याच्या टाळूवर हात ठेवून नाही म्हणाले.
आठ वर्षांच्या पोराला दिला
म्हणून शब्द काही लहान नव्हता.

खोलीत पंखा तेवढा फिरत होता.
मी जिंकले होते.
तिनं कळण्याच्या भाकरीचा तुकडा
ठेच्यासकट परत डब्यात ठेवला,
झाकण लावलं, कडी अडकली नाही,
पुन्हा लावलं.

बाप म्हणायचा, मासा मरस तो तोंडमुये.
मिटून राहिला असता
तर म्हातारा झाला असता डोहात.
आम्ही पोरं हसायचो, तोही हसायचा,
आणि गळाला गांडूळ लावायचा.

आता ती ग्रंथालयात जेवते.
मी हात धुते साबणानं, मग लिंबानं,
मग स्वतःचाच राग येतो
आणि दुसऱ्या दिवशी नुसत्या पाण्यानं धुते.
तिचं म्हणणं मला पटलेलं नाही.
अंड्याचं मी उद्याही तेच म्हणेन, कुणाहीपुढं.
तेवढं म्हणून थांबता आलं असतं.

काल शिपायानं पपई आणून दिली
वर्तमानपत्रात गुंडाळलेली,
दरवर्षी त्यांच्या मळ्यातून येते तशी.
"मॅडमनी दिली?"
"घरून आलीय त्यांच्या. पोरगा आलाय ना सुट्टीला."
पुढं मी विचारलं नाही.

रात्री चिरायला घेतली.
माशांचीच विळी, दुसरी घरात नाही.
आत काळ्या बिया, ओल्या,
एकमेकींना चिकटून बसलेल्या,
हुबेहूब गाभोळी.
अर्धी पपई हातात धरून मी बसून राहिले,
दूध उतू जायला लागलं तेव्हा उठले.

मग एक फोड खाल्ली.
गोड होती.
देठाशी थोडी कच्ची.