बोअरचं पाणी

नळ दहाव्या दिवशी येतो,
म्हणून न्हाणीघर घासायचं ते नवव्या दिवशी.
टाकीच्या तळाला उरलंय ते उधळायचं,
उद्या भरेलच, असं म्हणायचं.
सेलूत असंच म्हणतात.
पुण्यात राहून मी हे विसरलो होतो.

आई पडली त्याला बावीस दिवस झाले.
मनगटाला प्लास्टर, प्लास्टरवर नातीनं काढलेली मांजर.
माझ्याकडे चार दिवसांची रजा,
तारेचा एक ब्रश, दातांचे दोन जुने,
आणि पाव किलो लिंबूसत्व.
दुकानदार म्हणाला, अ‍ॅसिड न्या की, मिनिटात पांढरं होतंय.
मी म्हणालो, आधीच पांढरं आहे सगळं.

खरंच होतं.
तीनशे ऐंशी फुटांखालचं पाणी
वर येताना थोडी जमीन घेऊन येतं
आणि जाताना ती इथंच टाकून जातं:
नळाच्या गळ्याशी, बादलीच्या काठाला,
फरशीवर चट्ट्यांचे जाड पापुद्रे.
वडिलांनी हौसेनं बसवलेला शॉवर,
त्याची एकूण एक भोकं बुजलेली.
मी ती टाचणीनं उघडली, बसून, एकेक.
टाकीच्या उंचीनं तिथवर पाणी चढतच नाही,
हे मला माहीत होतं.

लिंबूसत्व गरम पाण्यातून ओतलं
तशी फरशी बारीक फसफसायला लागली,
शेजारच्या खोलीत कुणी सोड्याची बाटली उघडल्यासारखी.

काय करायलास रे?
घासायलोय.
किती बादल्या झाल्या?
दोन.
बाजेवर पडून ती मोजते.
मग भरून घेतला की अर्धा, तिला आवाजावरून कळतं.
धुतलेलं पाणी सांडू नको, संडासाला ठेव.
ठेवलंय.
साबणाची वडी उचललीस का?

जाळीतून निघालं
केसांचं एक ओलं घरटं,
शाम्पूच्या पुडीचा कोपरा,
आणि दाढीच्या ब्रशचं ते टोपण
ज्याच्यापायी वडील माझ्याशी दोन दिवस बोलले नव्हते.
मी ते धुऊन खिशात घातलं.

तीन वाजता फरशी हिरवी निघाली.
आम्ही सगळे तिला करडी समजत होतो.

आईला धरून आणलं. बघ.
तिनं एक पाऊल आत टाकलं
आणि तापल्या तव्यावरून काढावं तसं मागं घेतलं.
हे काय करून ठेवलंस?

मग उंबऱ्यावर बसून, हळू,
कुणाचं तरी गुपित सांगावं तसं:
डाव्या डोळ्यानं नुसता उजेड दिसतोय. दोन वर्षं झाली.
उजव्याचंही काही खरं नाही.
मी तळव्यानं जायची रे.
खरबरीत लागलं की नळ आला,
गुळगुळीत लागलं की वळायचं.
त्या दिवशी कौसाबाईनं फिनेल टाकून चकचकीत केलं व्हतं,
म्हणून गेले.

कुणाला बोलली नाहीस?

फोनवर काय बोलू?
तू फोटो पाठवतोस,
मी म्हणते, छान आलाय.

माझ्या हाताला लिंबूसत्व झोंबत होतं, नखांच्या कडांना.
बादलीत तिसरं पाणी तसंच होतं, पांढुरकं,
अकरा वर्षांचं, हलवलं की तळाशी बसणारं.

संध्याकाळी गौसभाई ड्रिल घेऊन आला.
स्टीलचा दांडा हातात धरून म्हणाला,
कुठं मारू सांगा, खालाजान.
आई कोरड्या फरशीवर मधोमध उभी राहिली,
डोळे मिटले,
आणि चांगला हात हवेत पुढं केला,
थोडा वर, मग थोडा खाली,
जणू तिथं कुणी आधीपासून उभं होतं.
इथं.

गौसभाईनं पेन्सिलीनं फुली मारली.
दुसरी कमोडपाशी. तिसरी दाराच्या आत.

फरशीचं काय करायचं, मी विचारलं.
काही नाही, ती म्हणाली,
बोअर चालूच आहे.
दिवाळीपर्यंत येतंय परत.

आणि माझ्या हातातल्या ओल्या फडक्याचा आवाज ऐकून:
आता त्या फुल्या पुसू नको.