तुतीचं वळण

तिबिलिसीच्या उत्तरेला, जिथे इमारतींना नावं नाहीत, नुसते आकडे,
तिथे चौदा नंबरपासून बसथांब्यापर्यंत
एक वाट आहे. नकाशात नाही.
नकाशात काँक्रीटचा रस्ता आहे, काटकोनात वळणारा,
दोन्ही बाजूंना दिवे,
आणि त्याच्या फटींत गुडघाभर गवत.

मोजणीचं चाक देऊन मला पाठवलं.
साहेब म्हणाले, लांबी लिहून आण, कुंपण घालायचंय.
चाक दर मीटरला टक् करतं.
मी टक् टक् करत निघाले तर वरच्या गॅलरीतून कुणीतरी ओरडलं,
"पोरी, काय दळतेस?"

माती दगडासारखी घट्ट.
कडेला सूर्यफुलाच्या बियांची टरफलं,
चढावर बाटल्यांची झाकणं चिखलात ठोकून
कुणी केलेली एक पायरी.
भट्टीवरून येणारा आंझोर पावाचं टोक मोडून
चालता चालताच खात होता.
ही कुठली वाट, मी विचारलं.
पावाची, तो म्हणाला.
त्सिउरी म्हणाली, दवाखान्याची.
आणि एक म्हातारा थांबला, मला नीट न्याहाळून म्हणाला,
वाट कसली? इथून आम्ही जातो.

एकोणचाळिसाव्या टक्-ला
वाट डावीकडे कलली.
समोर काहीच नव्हतं. ना खड्डा, ना दगड.
सपाट गवत, त्यावर झोपलेलं एक कुत्रं.
अर्धा वेढा घेऊन
वाट पुन्हा होती तशी सरळ.

"तुती होती," नाझिब्रोला म्हणाली. तिचा बाक तिथून जवळच.
"गॅस नाही, वीज नाही, अशा एका हिवाळ्यात तोडली.
करवत माझ्या नवऱ्याची.
खोड नऊ रात्री पुरलं.
पुढच्या हिवाळ्यात बुंधा खणला, मग मुळंही."
मग आता हा वळसा कशाला?
तिला माझा प्रश्नच कळेना.
"अगं, खाली तुती पडायच्या. बूट माखायचे."

तेवढ्यात शाळा सुटली.
झाड गेल्यावर पंधरा-सोळा वर्षांनी जन्मलेली पोरं
मोबाइलमध्ये मान घालून, एकमेकांना ढकलत आली,
आणि बरोबर त्या जागी,
न बघता,
डावीकडे.

एवढी माणसं रोज, बस चुकत असताना,
हातात पिशव्या असताना, पावसात,
एका नसलेल्या झाडासाठी
आपली वाट वाकडी करतात.
कुणी त्यांना सांगितलेलं नाही.

साहेबांचा फोन आला. किती भरली?
एकशे सोळा.
आणि सरळ धरली तर?
सरळ ती नाही, मी म्हटलं.
पलीकडे थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज.
बरं, कुंपणाचं नंतर बघू.

परतताना चाक खांद्यावर होतं.
मोजायचं काही उरलं नव्हतं, अंधार पडला होता,
माझी बस थांब्यावर दार उघडून उभी.
तरी त्या जागी माझा पाय डावीकडे गेला.
बसमध्ये बसल्यावर
मी बूट उलटा करून
तळ पाहिला.