मानशीचं दार

बाबा मानशेकार होते, मडकईच्या खाजनात.
भरतीला दार मिटतं, ओहोटीला उघडतं,
त्यात माणसाचं काम काय, असं लोक विचारत.
बाबा बोलत नसत.
रात्री कंदील घेऊन बांधावरून जात,
फळ्यांच्या फटींवरून तळवा फिरवत,
ओलं लागेल तिथे चिखल आणि पेंढा दाबत.
खारं पाणी विचारत नाही शेत कोणाचं,
एवढंच एकदा म्हणाले, कोरगुट कापताना.

मी वेर्ण्याला जाते. सहाची बस, बोरीचा पूल,
गेटवर डबा उघडून दाखवायचा,
मग बांगड्या काढायच्या, टिकली काढायची,
केस टोपीत, टोपीवर आणखी एक टोपी.
फिलोमेना गळ्यातला क्रूस लॉकरमध्ये ठेवते
आणि रोज तेच म्हणते:
देवाला बाहेर बसवून आत जायचं, ही कसली नोकरी.

मी तपासते ते एक कडं.
काळं, रबरी, परातीहून मोठं, विहिरीच्या तोंडाहून लहान.
तिघे ज्या दारातून यानात शिरतील
त्या दाराच्या खोबणीत ते बसणार.
दाराबाहेर काहीच नसेल. वारासुद्धा नाही.
आत तिघांचा श्वास.
मध्ये हे, करंगळीएवढं जाड.

मे महिन्यात त्यांच्यातला एक इथे आला होता.
सगळे त्याच्याशी हळू आवाजात बोलत होते,
त्याने मला विचारलं, इथे बांगडा चांगला कुठे मिळतो?
मी सांगितलं, माझ्या घरी.
तो हसला, आणि हातमोजा काढून
नमुन्याच्या कड्यावर अंगठा दाबून पाहिला.
नंतर मी तो ठसा स्पिरिटने पुसला.
नियमच आहे तसा.

नऊ दिवस उरले असताना
चौथ्या कड्यावर एक रेघ दिसली.
पापणीच्या केसाएवढी. पुसली, गेली नाही.
दिवा तिरका केला, भिंगातून मोजली:
कागदातल्या मर्यादेत बसत होती, जेमतेम.
नागवेकर साहेब आले. म्हणाले, बसतेय ना?
मी म्हटलं, बसतेय.
तिकडून सुकुमारनांचा फोन आला, आवाज थकलेला,
मॅडम, आकडा मर्यादेत आहे.
मी म्हटलं, आहे.
आणि लाल चिठ्ठी बांधली.
कारणाचा रकाना एवढासा.
त्यात लिहिलं: रेघ.

त्या रात्री कोणी घरी गेलं नाही.
पाचवं कडं बसवलं, पलीकडून हेलियम सोडला,
काट्याकडे बघत राहिलो,
दूध उतू जाईल म्हणून बघतात तसे,
फक्त इथे काही होऊ नये म्हणून.
फिलोमेनाच्या डब्यातला पाव दोघींनी खाल्ला, दाराबाहेर उभ्याने.
पहाटे चारला साहेबांनी सही केली, मी केली,
पेटी दाबोळीला गेली.
चौथं कडं कापलं. दोन तुकडे.
मागितला असता तरी मिळाला नसता एखादा.

घरी आले तेव्हा बाबा जागे होते.
त्यांना यान वगैरे कळतं, टीव्ही बघतात,
पण विचारलं ते वेगळंच:
ओलं होतं?
म्हटलं, माहीत नाही. हातात मोजे होते.
ते बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिले.

उड्डाणाच्या सकाळी मी रजा टाकली.
मानशीला आता पंचायतीने नवं दार बसवलंय,
बाबांना बांध चढवत नाही.
भरती चढत होती. झुआरीचं पाणी फळ्यांना टेकलेलं,
बांधावर बगळा, पाण्यात कोणाचीतरी चप्पल.
फोन दगडावर उभा केला.
पूर्वेच्या किनाऱ्यावर आकडे उलटे चालले होते,
मध्येच चित्र अडकायचं, आवाज पुढे जायचा.

दहाच्या आसपास मी वाकले
आणि आतल्या बाजूने
फळ्यांच्या सांध्यावरून तळवा फिरवला,
वरपासून खाली, सावकाश.

तळवा कोरडा होता.
तरी पदराला पुसला,
आणि पुन्हा वरून सुरुवात केली.