फिजिओलॉजी, पहिला प्रयत्न

किगालीतल्या त्या खोलीत पाच खुर्च्या होत्या
आणि टेबलावर माझी फाइल,
इतकी पातळ, की पंख्याच्या वाऱ्यानं
दोनदा उघडली, दोनदा मिटली.

तीन वर्षं शिकलात म्हणता.
हो.
पुरावा?

हात पुढे केला असता.
डाव्या अंगठ्यावर स्काल्पेलची खूण आहे,
दुसऱ्या वर्षाची, काखेतल्या नसा सोडवताना
रिहाबचा कोपर लागला तेव्हाची.
पण खुणेवर शिक्का नसतो.
आणि खार्तूममधलं आमचं दफ्तर,
आधी खिडक्या गेल्या, मग छप्पर,
मग कपाटं, वर्णानुक्रमे.

पहिल्या वर्षात बसा, म्हणाले.
आवाजात वाईटपणा नव्हता.
एका मॅडमनी तर पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला.

त्या रात्रीपासून, अम्म बुश्रा, मी तुम्हाला शोधायला लागले.
काका म्हणावं असे तुम्ही कधीच नव्हतात.
फी एक दिवस उशिरा भरली
तर चष्म्यावरून बघायचात,
मागे आम्ही तुम्हाला 'शिक्का' म्हणायचो.
कुणी सांगितलं पोर्ट सुदानला आहेत,
कुणी सांगितलं, गेले.
आठवड्यानं रिहाबच्या मामांकडून एक नंबर आला,
गेदारेफचा.

रेंज तुटत होती. मागे शेळी ओरडत होती.
कशी आहेस, हे तुम्ही विचारलं नाहीत.
नाव?
तसाबीह.
वडिलांचं?
हैदर.
आजोबांचं?
इद्रीस.
मग मला पानं उलटल्याचा आवाज आला.

घर सोडताना बायकोनं भांडी घेतली म्हणे,
मुलानं बॅटरी,
आणि तुम्ही पोत्यात, ज्वारीच्या तळाशी,
गुणांची चार रजिस्टरं.
नाक्यावर एका बंदूकवाल्या पोरानं पोत्यात हात घातला
तेव्हा त्याची बोटं, तुमच्या हिशेबानं,
सतराच्या तुकडीपर्यंत पोचली होती.

लिहून घे. ॲनाटॉमी, अडुसष्ट.
बायोकेमिस्ट्री, एकसष्ट.
फिजिओलॉजी, पहिला प्रयत्न, एकेचाळीस. नापास.

अम्म बुश्रा, ते वगळलं तर…

पलीकडे नुसती शेळी.
मग तुम्ही पुन्हा म्हणालात, शब्द सुटे करून,
पोराला शुद्धलेखन घालावं तसं:
पहिला. प्रयत्न. एकेचाळीस.

मला वाटलं होतं, एवढं सगळं जळलं,
त्यात तेवढा आकडा तरी जळला असेल.
युद्धानं माझं एक तरी काम केलं असेल.

तुमच्या मुलानं धाडलेले फोटो
मी त्या टेबलावर मांडले.
पानांवर कोंडा,
एका कोपऱ्यात तुमचा अंगठा.
मॅडम बराच वेळ एकाच ओळीवर थांबल्या.
मग बाकीच्या चौघांकडे वळून म्हणाल्या,
खोटं रचणारा माणूस
स्वतःला नापास कशाला करेल?

त्यांचाही दाखला एकदा हरवला होता,
मला फार नंतर कळलं.
कुठल्या साली, ते त्यांनी सांगितलं नाही.
इथे ते साल कुणी कुणाला विचारत नाही.

एक वर्ष कापलंच. तिसरं पुन्हा करायचं.
मी वाद घातला नाही.
सकाळी टेकडी चढून वॉर्डात जाते
शब्द घोकत. हृदयाला इथे उमुतिमा म्हणतात.
काल एका आजोबांना विचारायचं होतं, कुठे दुखतं.
मी बहुधा विचारलं, कुठे पडलं.
ते हसले, आणि त्यांनी खिडकीबाहेर
लांबवर बोट दाखवलं.

शुक्रवारी तुम्हाला फोन लावते. लाइन व्यस्त.
पुन्हा लावते. व्यस्त.
कैरोत, दार एस सलाममध्ये, आणखी कुठे
कुणीतरी कागद-पेन घेऊन बसलं असणार
आणि तुम्ही त्याच पोत्यावर,
बोट ओळीखाली धरून,
एकेक विषय, सावकाश,
काही न वगळता.